सिंगल बेड विकण्याआधी खोली मोजा : सहा मापं आणि एक चिठ्ठी



या आठवड्याच्या व्हिडिओत मी फळ्यावर एक खोली काढून दाखवली. वेळ कमी पडला, आकडे भराभर गेले. म्हणून तोच धडा इथे सावकाश लिहितोय. वही-पेन घेऊन बसा. फर्निचरचं दुकान टाकायचा विचार असेल, सुताराला धरून ऑर्डरवर बेड बनवून द्यायचे असतील, किंवा घरून गाद्या विकायच्या असतील, तरी हा धडा तुमच्या कामाचा आहे.

आधी माझी चूक सांगतो, मग हिशोब.

मी चार फुटी बेड विकला, आणि तो परत आला

दुकान सुरू करून जेमतेम आठ महिने झाले होते. एक काका आले. मुलगी दहावीला, तिच्यासाठी सिंगल बेड हवा होता. छोट्या खोलीत तिचं कपाट आहे, आता बेड आणि अभ्यासाचं टेबल ठेवायचं म्हणाले. मी विचारलं, "खोली केवढी?" ते म्हणाले, "दहा बाय आठ." माझी चौकशी तिथेच संपली.

बीबीएला आम्हाला शिकवलं होतं की ग्राहक आला की त्याला एक पायरी वरची वस्तू दाखवायची. मी तेच केलं. तीन फुटीच्या जागी चार फुटी हायड्रॉलिक बॉक्स बेड दाखवला. "काका, थोडेच पैसे जास्त आहेत, उद्या पाहुणे आले तरी दोघं झोपतील, खाली सामानही राहील." काका भिडस्त, हो म्हणाले. भाडं द्यायची तारीख जवळ आली होती, मला ३,२०० रुपये नफा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी फोन आला. बेड खोलीत बसला होता, पण कपाटाचं दार पूर्ण उघडत नव्हतं. टेबल लावलं तर खुर्ची मागे सरकत नव्हती. मी जाऊन बघितलं. काका भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "अहो, तुम्ही आधी खोली बघितली असतीत, तर तुम्हीच हा बेड नको म्हणाला असतात."

बेड परत आणला, पैसे परत दिले. आता हिशोब बघा. परतीचा टेम्पो आणि हमाली १,५००. उतरवताना कडेला ओरखडे आले, म्हणून तो बेड नंतर २,५०० कमी करून विकावा लागला. नव्या ग्राहकाकडे पोचवायचे पुन्हा १,५००. एकूण ५,५००. नफा ३,२०० वजा केला तरी २,३०० रुपये खिशातून गेले. ती मुलगी ऐन अभ्यासाच्या दिवसांत आणखी तीन आठवडे खाली गादी टाकून झोपली, आणि काकांनी शेवटी बेड दुसरीकडून घेतला. त्यांच्या बिल्डिंगमधून पुढची दोन वर्षं माझ्याकडे एकही ग्राहक आला नाही. टेम्पोचे पैसे भरून निघाले, हे मात्र निघालं नाही.

तेव्हापासून दुकानात एकच नियम आहे: आधी खोलीचं माप, मग बेडचा भाव.

गादीचं माप वेगळं, बेडचं वेगळं

ग्राहक "सहा बाय तीन" म्हणतो तेव्हा तो गादीबद्दल बोलत असतो. आपल्याकडे सिंगल गादीची रुंदी बहुतेक ३६ इंच असते. लांबी तीन प्रकारची मिळते: ७२, ७५ आणि ७८ इंच, म्हणजे सहा, सव्वासहा आणि साडेसहा फूट. ३० इंच रुंदीची गादीही मिळते, ती होस्टेलच्या लोखंडी कॉटला किंवा अगदी अरुंद जागेला चालते. ४८ इंच म्हणजे चार फुटी. ती सिंगल म्हणून विकू नका, तिला जागा वेगळी लागते.

आता फ्रेम. गादीभोवती लाकूड आलं, डोक्याकडे हेडबोर्ड आला, पायाकडे पट्टी आली. साध्या प्लायच्या बेडला रुंदीत साधारण २ इंच आणि लांबीत ३ ते ४ इंच वाढतात. म्हणजे ७५ बाय ३६ च्या गादीचा बेड बाहेरून साधारण ७९ बाय ३८ होतो. गुबगुबीत हेडबोर्ड असेल तर आणखी वाढतो. म्हणून तुमच्या दुकानातल्या प्रत्येक बेडवर दोन मापं लिहा: आतलं आणि बाहेरचं. आतल्या मापानं गादी घ्यायची, बाहेरच्या मापानं खोली बघायची.

लांबी कशी ठरवायची? झोपणाऱ्याच्या उंचीत सहा इंच मिळवा. पाच फूट सहा इंचाच्या माणसाला ७२ पुरते, पाच फूट नऊला ७५, सहा फुटाला ७८. मुलं वाढत्या वयाची असतील तर एक पायरी पुढची घ्या, कारण बेड दहा वर्षं वापरला जातो.

खोलीची सहा मापं

व्हिडिओत मी बोटांवर मोजली होती, तीच ही सहा.

१. भिंत ते भिंत, पण जमिनीजवळ. खाली स्कर्टिंगची टाइल असते, ती दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच खाते. छातीच्या उंचीवर घेतलेलं माप बेडला उपयोगाचं नाही.

२. खोलीच्या दाराची फळी केवढी, आणि ती आत उघडते की बाहेर, कुठल्या बाजूला.

३. कपाटाची खोली, आणि एका दाराची रुंदी. स्लायडिंग असेल तर तसं लिहा.

४. खिडकी जमिनीपासून किती उंच. हेडबोर्ड खिडकीच्या वर गेला तर पल्ला किंवा पडदा अडतो.

५. स्विचबोर्ड आणि प्लग कुठे. बेडमागे प्लग झाकला गेला की चार्जिंगची वायर कायम लोंबत राहते.

६. आत यायची वाट. जिन्याचं वळण, लिफ्टचं दार, फ्लॅटचं मुख्य दार, आतलं दार. तीन फुटी दाराला चौकट वजा जाता मोकळी जागा तीन फूट राहत नाही. अखंड जोडलेला बेड विकायचा असेल तर हे माप सगळ्यात आधी. शक्यतो नटबोल्टवर सुटा होणारा बेडच ठेवा.

मोकळी जागा किती हवी?

माझ्या कामाचे आकडे असे. बेडच्या ज्या बाजूनं उतरायचं, तिथे किमान २४ इंच. ३० मिळाले तर चांगलं, कारण बेडशीट बदलायला वाकावं लागतं. कपाटासमोर दाराच्या रुंदीपेक्षा सहा-आठ इंच जास्त. टेबलामागे खुर्ची सरकवायला ३० इंच धरा. बेडखाली ड्रॉवर असेल तर तो जितका बाहेर येतो तेवढी जागा, अधिक माणसाला बसायला एक फूट.

तेवढी जागा नसेल तर ड्रॉवरचा बेड देऊ नका, वरून उचलायचा बॉक्स द्या. पण घरात वयस्कर माणूस एकटा असेल तर गादीसकट फळी उचलणं त्याला जमेल का, हेही विचारा. गादी धरून बेडची उंची जमिनीपासून १८ इंचांच्या आसपास असली की उठबस सोपी जाते. फ्रेम १२ आणि गादी ६ हा हिशोब सोपा आहे.

काकांची खोली, पुन्हा एकदा

कागदावर १० बाय ८, म्हणजे १२० बाय ९६ इंच. मी नंतर टेप लावला तेव्हा भरली ११८ बाय ९४.५. दार छोट्या भिंतीत डावीकडे, फळी ३० इंच, आत उघडणारी. समोर खिडकी. उजव्या लांब भिंतीला कपाट: चार फूट रुंद, २२ इंच खोल, २४ इंचांची दोन दारं. डाव्या लांब भिंतीला बेड.

माझा चार फुटी बेड बाहेरून ५० इंच होता. ९४.५ मधून कपाटाचे २२ आणि बेडचे ५० काढा. राहिले २२.५ इंच. कपाटाचं दार २४ इंचांचं. म्हणजे ते उघडणार नव्हतंच! कपाटाशेजारी २० इंच खोल टेबल लावलं, तर खुर्चीला २४.५ इंच. बसल्यावर पाठ बेडला टेकणार.

आता तीन फुटी बेड ठेवून बघा. बाहेरून ३८. कपाटासमोर राहतात ३४.५ इंच: दार उघडून माणूस समोर उभा राहू शकतो. खुर्चीला ३६.५. लांबीत ७९ गेले, ११८ पैकी ३९ उरले, दाराची ३० इंचांची फळी आरामात फिरते. उजव्या भिंतीला चार फुटांचं कपाट, तीन फुटांचं टेबल, तरी दाराजवळ ३४ इंच मोकळे. सगळं बसतं.

बेडच्या रुंदीतल्या १२ इंचांचा हा खेळ होता. आणि हे काढायला मला टेप आणि पाच मिनिटं लागली असती.

लांबीचंही तसंच. नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे दोन खोल्यांच्या घरात दुसरी खोली किमान ७.५ चौरस मीटर आणि रुंदीला किमान २.१ मीटर हवी. २.१ मीटर म्हणजे साधारण ८२.७ इंच. एवढ्या रुंदीत बेड आडवा लावायचा असेल तर ७८ च्या गादीचा बेड बाहेरून ८२ होतो, स्कर्टिंगचा एक इंच गेला की अडकतो. ७५ चा बेड ७९ होतो, बसतो. तीन इंचांनी विक्री टिकते किंवा परत येते.

ऑर्डरवर बनवून देणाऱ्यांसाठी

प्लायची शीट ८ बाय ४ फूट, म्हणजे ९६ बाय ४८ इंच. ७५ बाय ३६ ची फळी कापली की बाजूला जवळपास १२ इंच रुंदीची लांब पट्टी उरते. ती बेडच्या एका बाजूला लागते, वाया जात नाही. ग्राहक म्हणाला, "साडेतीन फुटी करा," म्हणजे ४२ इंच, की उरते जेमतेम ६ इंचांची पट्टी. ती बाजूला पुरत नाही, दुसऱ्या शीटमधून जास्त कापावं लागतं. शिवाय ४२ ची गादी सहज मिळत नाही, ती बनवून घ्यावी लागते. हे दोन्ही खर्च भाव सांगण्याआधी ग्राहकासमोर मांडा. निम्मे लोक स्वतःहून ३६ वर येतात.

माप चिठ्ठी

आता धंद्याचा मुद्दा. माझ्या काउंटरवर एक छापील चिठ्ठी असते. वर सहा मापं, खाली चौकोनी रेघांची जागा, सगळ्यात खाली ग्राहकाची सही. ग्राहक आला की चिठ्ठी आणि खडू देतो. म्हणतो, "ताई, हा बेड बाहेरून ७९ बाय ३८ आहे. घरी जमिनीवर खडूनं तेवढा चौकोन आखा. कपाट उघडून बघा, दार उघडून बघा, बाजूनं चालून बघा. जमलं तर उद्या या."

तुम्ही म्हणाल, आलेलं गिऱ्हाईक असं घरी पाठवायचं? मलाही भीती वाटायची. काही जण परत येत नाहीत, हे खरं आहे. पण जे येतात ते भावावर फार घासाघीस करत नाहीत, कारण त्यांनी तो बेड आपल्या खोलीत आधीच बघितलेला असतो. जवळ राहत असतील तर मी स्वतः टेप घेऊन जातो. तिथे गेलं की गादी, टेबल, पडद्याचा रॉड, सगळ्यावर बोलणं होतं. पूर्वी मी जी वाढीव विक्री काउंटरवर ढकलून करत होतो, ती आता खोली बघून होते, आणि परत येत नाही.

आजचा गृहपाठ

आज स्वतःच्या घरातली सगळ्यात लहान खोली मोजा. सहाही मापं लिहा. त्यात ७९ बाय ३८ चा चौकोन खडूनं आखा, मग ८२ बाय ५० चा. दोन्हीत चालून बघा, कपाट उघडून बघा. मग दुकानात उभं राहून ग्राहकाला काय विचारायचं, हे मी वेगळं सांगायची गरज पडणार नाही.

आणि टेप विकत घ्याल तेव्हा इंच आणि सेंटिमीटर दोन्ही असलेला घ्या. सुतार इंच-सुतात बोलतो, बिल्डरचा नकाशा मीटरमध्ये असतो. मधे तुम्ही आहात, तुम्हाला दोन्ही यायला हवं.

भेटू पुढच्या धड्यात.