सत्याचा स्वीकार

सन १९९३. फिलिपाइन्समधील एका मातेने आपल्या बारा वर्षांच्या मुलास, होसे वार्गास यास, अमेरिकेत आजी-आजोबांकडे धाडले. सोळाव्या वर्षी त्याला कळले की, आपली रहिवासाची कागदपत्रे खोटी आहेत! हे गुपित उराशी बाळगून तो शिकला, वार्ताहर झाला. २००८ साली पुलित्झर पारितोषिक मिळविणाऱ्या वार्ताहरांत वार्गास होते. परंतु लपत राहणे त्यांना असह्य झाले. २०११ साली लेख लिहून त्यांनी सत्य प्रकट केले. हद्दपारीचे भय पत्करून २०१३ साली स्वतः ‘डॉक्युमेंटेड’ हा अनुबोधपट काढला. देश सोडल्यास परतणे दुरापास्त, म्हणून वीस वर्षे मातेची भेट नाही, ही व्यथा त्यात आहे. तीच व्यथा कितीतरी स्थलांतरितांची होती. २०१९ साली त्यांच्या माउंटन व्ह्यू गावात त्यांचे नाव दिलेली नवी प्राथमिक शाळा सुरू झाली.