खोडाची जखम : लांबी नको, घेर पाहा



आपल्यापैकी कितीतरी घरांनी गेल्या दोन-तीन पावसाळ्यांत अंगणात आंबा, चिकू, फणस लावला. कुणी नातवाच्या बारशाला, कुणी आजीच्या आठवणीत. म्हणूनच अशा झाडाचं खोड शेळीनं सोललेलं किंवा गवत कापायच्या मशीननं कापलेलं दिसलं की जीव कासावीस होतो. मग कुणी सिमेंट लिंपतं, कुणी ऑइलपेंट फासतं, कुणी "आता काही जगत नाही" म्हणून रोप उपटूनच टाकतं. आमचं सांगणं एवढंच, की आधी जखम नीट पाहा.

पानांनी तयार केलेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली मुळांकडे जातं. पाणी मात्र आतल्या लाकडातून वर चढतं. जखम उभी, अगदी हातभर लांब असली तरी बाजूच्या सालीतून अन्नाची वाट चालू राहते. पण बोटभर रुंदीची साल खोडाभोवती पूर्ण गोल निघाली, तर मुळं उपाशी पडतात. पाणी वर जात असतं, म्हणून काही आठवडे झाड हिरवंच दिसतं. त्या हिरवेपणावर विसंबू नका.

दोऱ्याची परीक्षा. जखमेपाशी खोडाभोवती दोरा गुंडाळा, मोजून तोडा आणि त्याची चौघडी करा. जखमेची आडवी रुंदी एका घडीपेक्षा कमी असेल तर बहुधा चिंता नाही. एक ते दोन घड्या असेल तर झाडाची वाढ रेंगाळेल, पण ते सावरू शकतं. दोनपेक्षा जास्त असेल तर धोका मोठा. पूर्ण वेढा असेल तर जाणत्या माळ्याला लगेच बोलवा. त्याच झाडाच्या डहाळ्या जखमेच्या वर-खाली सालीत बसवून तुटलेली वाट जोडता येते.

मग काय करायचं?

१. साल नुकतीच सुटून लोंबत असेल आणि आतून ओली असेल, तर त्याच दिवशी जागेवर दाबून सुती पट्टीनं बांधा. वर ओलसर फडकं ठेवा. दोन-तीन आठवड्यांनी पट्टी सोडा.

२. साल वाळली असेल, तर स्वच्छ धारदार चाकूनं फक्त सुटलेला भाग काढा. घट्ट, जिवंत सालीला हात लावू नका.

३. जखम उघडी राहू द्या. पावसाळ्यात बुरशी लागू नये म्हणून बोर्डो पेस्ट लावा. १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम चुना अर्ध्या लिटर पाण्यात, वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत कालवून मग एकत्र करा. त्यात लोखंडी चाकू बुडवून पाहा. तांबूस थर आला तर चुना वाढवा. त्याच दिवशी वापरा. मोरचूद विषारी आहे, स्वयंपाकाची भांडी घेऊ नका आणि मुलांना दूर ठेवा. ही पेस्ट राखण करते. जखम झाड स्वतःच कडेकडेनं मिटवतं, त्याला वर्ष-दोन वर्षं लागतात.

४. पाणी नियमित द्या. खताचा मारा करू नका.

कलमी आंबा असेल तर कलमाचा सांधा शोधा. वरचा भाग वाळला आणि सांध्याच्या वरून कोंब फुटला, तर आशा आहे, तो जपा. सांध्याच्या खालून फुटलेला कोंब मात्र रायवळ. झाड वाढेल, पण हापूस लावला म्हणून हापूस मिळणार नाही. आठवणीचं झाड म्हणून तेही ठेवायचं का, हे घरच्यांनी मिळून ठरवावं.

शेवटी कारण दूर करा, नाहीतर सगळी मेहनत वाया. शेळीसाठी भोवती जाळी. खोडाभोवती हातभर जागेतलं गवत मशीननं नको, हातानं काढा. आधाराची तार किंवा नायलॉनची दोरी सोडून कापडी पट्टी सैल बांधा. भोकातून भुसा पडत असेल तर तो खोडकिडा. तारेनं अळी ओढून काढा आणि भोक चिखलानं बुजवा.

या आठवड्याचा अभ्यास : रविवारी मुलांना घेऊन अंगणातल्या प्रत्येक लहान झाडाचं खोड सगळ्या बाजूंनी पाहा. कुठे जखम दिसली तर दोरा लावून मोजा आणि काय आढळलं ते आपल्या गटात कळवा. झाड आपल्याला हाक मारू शकत नाही, म्हणून आपणच त्याच्याजवळ जाऊन विचारपूस करायची.