सैन्याची पेन्शन सोडून सेवा जोडून घ्यावी का?

प्रश्न : मी 1994 मध्ये सैन्यात भरती झालो आणि 17 वर्षांनी, 2011 मध्ये, हवालदार म्हणून निवृत्त झालो. 2012 पासून माजी सैनिकांच्या आरक्षणातून मीरा-भाईंदर महानगरपालिकेत लिपिक आहे. 2033 मध्ये मला 58 वर्षं पूर्ण होतील. सैन्याची पेन्शन चालू आहे आणि पालिकेच्या पगारातून एनपीएसची कपात होते. एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, सैन्याची पेन्शन सरकारजमा करा आणि ती 17 वर्षं इथल्या सेवेला जोडून घ्या, म्हणजे पूर्ण पेन्शन बसेल. असं करता येईल का?
— एक वाचक, भाईंदर (पूर्व)

उत्तर : तुमच्या बाबतीत ते करता येणार नाही, आणि करता आलं असतं तरी करू नका असंच मी सांगितलं असतं. तुमचे सहकारी मात्र मनाचं काही सांगत नाहीत. केंद्राच्या 1972 च्या पेन्शन नियमांत आणि महाराष्ट्राच्या 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांत ही सोय खरोखर होती. सैन्यातून नागरी नोकरीत आलेल्या माणसाला दोनांपैकी एक निवडायचं असे : सैन्याची पेन्शन घेत राहा आणि ती वर्षं विसरा, किंवा घेतलेली पेन्शन आणि ग्रॅच्युइटी परत भरा आणि ती वर्षं नव्या सेवेत मोजून घ्या. त्या काळी दुसरा मार्ग पुष्कळांना फायद्याचा होता. पूर्ण पेन्शन, म्हणजे शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम, 33 वर्षांच्या सेवेवरच मिळे. सैन्यात 15 आणि कार्यालयात 18 वर्षं काढलेल्याची बेरीज बरोबर 33 होई. न जोडल्यास त्याला 33 पैकी 18 हिश्शांवर, म्हणजे पगाराच्या साधारण 27 टक्क्यांवर, समाधान मानावं लागे आणि शिपायाची सैन्य-पेन्शन तेव्हा फारच तुटपुंजी होती. तो सल्ला त्या हिशेबातून जन्मलेला आहे.

नंतर त्या हिशेबाचे दोन्ही पाय निखळले. सहाव्या वेतन आयोगानंतर पूर्ण पेन्शनसाठीची 33 वर्षांची अट गेली, त्यामुळे जुन्या योजनेतल्या माणसालाही सैन्याची वर्षं जोडण्याची पूर्वीइतकी गरज उरली नाही. दुसरं, आणि तुमच्यासाठी निर्णायक, म्हणजे 1 नोव्हेंबर 2005 पासून राज्यात नव्याने नेमलेल्यांना परिभाषित अंशदान योजना लागू झाली, तीच पुढे एनपीएसमध्ये गेली. या योजनेत पेन्शन वर्षांवर ठरत नाही, खात्यात साठलेल्या रकमेवर ठरते. तुमचे 10 टक्के, नियोक्त्याचे (राज्य शासनाच्या बाबतीत 14 टक्के) आणि त्यावरची वाढ एवढंच त्या खात्यात असतं. निवृत्तीच्या वेळी किमान 40 टक्क्यांची वार्षिकी घ्यावी लागते, बाकीचे हातात येतात. 17 वर्षं जोडायची तर कुठे जोडणार? सैन्यातल्या त्या काळात या खात्यात एक रुपयाही पडलेला नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की राज्याने 1 मार्च 2024 रोजी जाहीर केलेल्या सुधारित योजनेत शेवटच्या मूळ वेतनाच्या 50 टक्के पेन्शनची हमी आहे, मग तिथे वर्षांना पुन्हा किंमत आली नाही का? आली. पण 2012 ते 2033 अशी 21 वर्षं तुमच्या गाठीला पालिकेचीच असतील, त्यासाठी सैन्याची सेवा गहाण टाकण्याचं कारण नाही. शिवाय राज्य कर्मचाऱ्यांसाठीचा शासन निर्णय महापालिकेला आपोआप लागत नाही, तो पालिकेने स्वीकारावा लागतो. म्हणून पर्याय भरून देण्याआधी भाईंदर पश्चिमेच्या मुख्यालयातल्या आस्थापना विभागाकडून लेखी उत्तर घ्या. तोंडी आश्वासनावर सही करू नका. दुसरा आक्षेप जुन्या पेन्शनचा. 2 फेब्रुवारी 2024 च्या निर्णयाने एक दार उघडलं होतं खरं, पण ते ज्यांच्या पदाची जाहिरात 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी निघाली होती त्यांच्यासाठी. त्या वेळी तुम्ही गणवेशात होतात.

आता तुम्ही काय परत करायला निघाला होतात ते पाहा. तुमची पेन्शन नुसता आकडा नाही. 1 जुलै 2014 पासून लागू झालेल्या 'वन रँक वन पेन्शन'मुळे ती दर पाच वर्षांनी नव्याने ठरते. 2019 नंतर 2024 च्या जुलैपासून पुन्हा तशी फेरी आली. ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, दवाखान्यांचा हक्कही पेन्शनधारकपणाला बांधलेला आहे. निवृत्तीच्या वेळी पेन्शनचा काही भाग विकला असेल, तर तो 15 वर्षांनी परत सुरू होतो, म्हणजे 2011 च्या माणसासाठी 2026 मध्ये. पीपीओवरची, म्हणजे पेन्शनच्या आदेशावरची, तारीख काढून बघा. पुन्हा भरून येणाऱ्या पेन्शनवर त्याच सुमारास पाणी सोडायचं, हा सौदा कुणी करू नये.

एकाच माणसाला सरकारी तिजोरीतून पगारही आणि पेन्शनही, हे न्याय्य का, असा सवाल कार्यालयात कधी ना कधी ऐकू येतो. तो मनाला लावून घेऊ नका, पण त्याचं उत्तर माहीत असू द्या. देवकीनंदन प्रसाद खटल्यात 1971 साली आणि नकारा खटल्यात 17 डिसेंबर 1982 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की पेन्शन ही मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेचा तो हक्काचा मोबदला आहे. सैन्य तरुण राहावं म्हणून देश जवानाला पस्तिशी-चाळिशीत घरी पाठवतो, त्या वयात मुलं शाळेत असतात. वर्ग क आणि ड मधलं 15 टक्के आरक्षण त्यासाठीच आहे. दोन सेवा वेगळ्या, दोन मोबदले वेगळे.

खरी गळती वेगळ्याच जागी होते : सैन्याच्या पेन्शनवरच्या महागाई वाढीत. पुनर्नियुक्त माजी सैनिकाला ती नाकारणं वैध आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये वासुदेवन पिल्लै खटल्यात ठरवलं. पुढे पाचव्या वेतन आयोगानंतर केंद्राने 2 जुलै 1999 च्या आदेशाने वाट मोकळी केली, पण अट घालून. कमिशन्ड अधिकाऱ्याखालच्या हुद्द्याचा सैनिक असेल, वेतननिश्चितीत त्याची पेन्शन पूर्ण दुर्लक्षिली गेली असेल आणि नव्या पदाचा पगार किमान टप्प्यावरच ठरला असेल, तरच महागाई वाढ मिळते. जुना पगार राखून वरचा टप्पा घेतलेल्यांना ती मिळत नाही. मूळ पेन्शन 20,000 धरली, तर जुलै 2025 पासूनच्या 58 टक्के दराने हे महिन्याचे 11,600 रुपये होतात. अट मोडली असून रक्कम घेतली गेली, तर वसुलीची नोटीस येते. म्हणून सेवापुस्तकातलं वेतननिश्चितीचं पान उघडा, 2012 चा टप्पा किमान होता का ते वाचा आणि तशी नोंद असलेलं प्रमाणपत्र आस्थापना विभागाकडून मागा. नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्यासोबत पुनर्नियुक्तीची माहितीही खरीखरी भरा.

कुटुंब निवृत्तिवेतनाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण घरच्यांसाठी तोच मोठा प्रश्न आहे. पूर्वी नागरी बाजूचं घेतलं की सैन्याच्या बाजूचं थांबे. 24 सप्टेंबर 2012 पासून ती आडकाठी दूर झाली. मात्र पत्नीचं नाव आणि जन्मतारीख सैन्याच्या पीपीओत, पालिकेच्या सेवापुस्तकात आणि आधारवर एकसारखी हवी. एका ठिकाणी माहेरचं नाव आणि दुसरीकडे सासरचं, एवढ्यावरून प्रकरणं अडतात. सैन्य-पेन्शनच्या 'स्पर्श' पोर्टलवर ती दुरुस्ती आजच करता येते. अडलंच तर ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात डिस्चार्ज बुक घेऊन जा.

पालिकेत नोकरी करता करता टेरिटोरियल आर्मीत असलेल्यांची गोष्ट अगदी निराळी आहे. मे 2025 मध्ये केंद्राने लष्करप्रमुखांना या दलाला पाचारण करण्याचे अधिकार दिले, तेव्हापासून हा प्रश्न अनेकांना पडला आहे. त्यांची नोकरी तुटत नाही. 1948 च्या कायद्याच्या सातव्या कलमाने परत आलेल्या माणसाला आधीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर कामावर घेणं नियोक्त्याला बंधनकारक आहे आणि कलम 7-अ त्याचे भविष्यनिर्वाह निधीचे व पेन्शन योजनेचे हक्क राखतं. अशा कर्मचाऱ्याने बोलावण्याचा आदेश आणि परतीचा आदेश, दोन्हींच्या प्रती आवक क्रमांक घालून पालिकेत द्याव्यात आणि मधल्या महिन्यांचं एनपीएस अंशदान जमा झालं का, हे खात्याच्या उताऱ्यात महिनावार तपासावं.