एका शब्दाचे कोडे

“आपण उद्या येणार ना?” असे कोणी विचारले, तर त्या ‘आपण’मध्ये बोलणारा स्वतःला धरतो आहे, की समोरच्यालाच मानाने संबोधतो आहे, हे आपल्याला प्रसंगावरून कळते. न कळल्यास विचारता येते. संगणकाला मात्र प्रसंग कळत नाही. त्याला आज्ञा द्यावयाच्या त्या खास घडविलेल्या भाषेत द्याव्या लागतात, आणि त्या भाषेतील कोणत्या शब्दाने काय घडावे, हे तिच्या अधिकृत ग्रंथात लिहिलेले असते. तो ग्रंथच संदिग्ध असेल तर काय होते, याची ही खरी हकिकत आहे.

१९६० सालच्या जानेवारीत युरोप व अमेरिकेतील तेरा तज्ज्ञ पॅरिस येथे जमले. सर्व देशांना व सर्व संगणकांना चालावी अशी एक भाषा त्यांना सिद्ध करावयाची होती. तिचे नाव अल्गोल. तिचा अहवाल डेन्मार्कचे पीटर नाऊर यांनी संपादित केला. अहवाल लहान, पण मोठा रेखीव! वाक्यरचनेचे नियम तर जॉन बॅकस यांच्या चिन्हपद्धतीने बीजगणितातील सूत्रांसारखे मांडले होते. शब्दांचे अर्थ मात्र साध्या इंग्रजीत सांगितले होते, आणि घोटाळा तेथेच शिरला.

त्यांतील एक शब्द होता ‘ओन’, म्हणजे ‘स्वतःचा’. आज्ञांच्या एखाद्या गटाचे काम संपले की त्यातील आकडे विसरले जात. पण एखाद्या आकड्यामागे ‘ओन’ लिहिले, तर गटात पुन्हा शिरताना, मागील वेळी बाहेर पडताना जो आकडा होता तोच कायम राहावा, असा नियम होता. दुकानदार रात्री वहीत शिल्लक लिहितो आणि सकाळी तीच पुढे धरतो, तसेच हे.

पण दुकान उघडल्याच्या पहिल्या सकाळी वहीत काय असावे? शून्य, की रद्दीच्या कागदावर आधीपासून असलेला कोणता तरी आकडा? अहवाल याविषयी मौन बाळगून होता.

दुसरा पेच अधिक खोल आहे. अहवाल छापावयास जाण्यापूर्वी, फेब्रुवारीत, व्हान वाइनगार्डन व डाइक्स्ट्रा यांनी ॲमस्टरडॅमहून नाऊर यांना दूरध्वनी करून एक छोटे वाक्य घालण्यास सुचविले. त्यामुळे एखाद्या कृतीला स्वतःचीच मदत घेण्याची मुभा निःसंशय मिळाली. ५ × ४ × ३ × २ × १ हा गुणाकार घ्या. पाचाची कृती म्हणते, ‘आधी चाराचे उत्तर आणा’. चाराची म्हणते, ‘आधी तिनाचे’. पहिले काम अर्धवट असतानाच तेच काम आत पुन्हा सुरू होते. दुकान बंद होण्यापूर्वीच त्याच्या पोटात तसेच दुसरे दुकान उघडावे, असा हा प्रकार! आता ‘मागील वेळी बाहेर पडताना’ याचा अर्थ काय? अजून बाहेर कोणी पडलेलेच नाही.

वही सर्वांची एकच मानली आणि प्रत्येक प्रवेशाला एक मिळवीत गेलो, तर शेवटी ५ येतील. प्रत्येकाची वही निराळी मानली, तर प्रत्येकीत १ राहील. सर्व संगणकांवर एकच उत्तर यावे म्हणून जी भाषा निर्माण झाली, तिच्यात एकाच लेखाची दोन उत्तरे! आणि दोन्ही वाचक प्रामाणिकच. खरे पाहता ती दोन वाक्ये एकेकटी वाचली तर सरळ आहेत. शेजारी ठेवली म्हणजे भांडतात.

१९६२ साली रोम येथे अहवालाची दुरुस्ती झाली. पुष्कळ शंका मिटल्या, पण ‘ओन’चा प्रश्न न सुटलेल्या प्रश्नांच्या यादीत उघडपणे नोंदविला गेला. हा प्रामाणिकपणा मला विशेष वाटतो. १९६७ साली डोनाल्ड नूथ यांनी अल्गोलमधील उरलेल्या अडचणींवर स्वतंत्र लेख लिहिला; त्यातही ‘ओन’ होताच. अखेर १९७६ च्या सुधारित अहवालाने निर्णय दिला : वही एकच, आणि आरंभी शून्य.

पुढे सी नावाच्या भाषेत हीच कल्पना ‘स्टॅटिक’ या शब्दाने आली. तेथे आरंभीचे शून्य ग्रंथात स्पष्ट लिहिले आहे. मात्र त्याच शब्दावर एक अगदी निराळे कामही सोपविले आहे : एखादे नाव त्याच्या फाइलीबाहेर ठाऊक होऊ न देणे. नवे विद्यार्थी आता तेथे अडखळतात.