चुन्यातील उष्णता : भट्टीपासून भिंतीपर्यंत

शाळा, चावडी किंवा समाजमंदिर यांच्या भिंतींना चुना लावावयाचा असला की, कळीचा चुना आणून तो पिंपात विरविण्यात येतो. पाणी पडताच खडे फुटू लागतात, वाफ निघते आणि पिंपाला हात लावणे अशक्य होते. जवळपास विस्तव नसताना ही उष्णता येते कोठून, असा प्रश्न विद्यार्थी साहजिकच विचारतात. ‘ऊष्मादायी अभिक्रिया’ हे पाठ्यपुस्तकातील उत्तर बरोबर आहे. परंतु ते त्या घटनेचे नाव झाले, कारण नव्हे.

कारण शोधण्यासाठी चुन्याच्या भट्टीपर्यंत मागे जावे लागते. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत सापडणारी चुनखडी म्हणजे मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेट होय. सुमारे ९०० अंश सेल्सिअस तापमानाला तिचे विघटन होते. १०० किलो शुद्ध चुनखडीपासून ५६ किलो कळीचा चुना मिळतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो. भट्टीतील सर्व उष्णता दगड तापविण्यातच खर्च होते असे मात्र नाही. घटकांना बांधून ठेवणारे रासायनिक बंध तोडण्यासही ऊर्जा लागते. १ किलो चुना तयार होताना अशी सुमारे ३,१८० किलोज्यूल ऊर्जा शोषली जाते. म्हणून ही अभिक्रिया ऊष्माग्राही ठरते. भट्टी निवाली तरी ही ऊर्जा निघून जात नाही. चुना आणि त्यापासून विलग झालेला वायू यांच्या जोडीत ती रासायनिक ऊर्जेच्या रूपाने राहते.

अग्नीचा काही अंश चुन्यात शिरतो आणि म्हणून तो दाहक बनतो, अशी समजूत एके काळी युरोपातील विद्वानांतही होती. स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक यांनी काळजीपूर्वक वजने करून, चुन्यात काही शिरत नाही, उलट त्यातून एक वायू निघून जातो, हे १७५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखवून दिले. जुनी समजूत पदार्थाच्या बाबतीत चुकीची ठरली. ऊर्जेच्या बाबतीत ती अगदीच निराधार नव्हती, असे म्हणावयास हरकत नाही.

भट्टीत घेतलेली ऊर्जा पुढे दोन हप्त्यांनी परत मिळते. पाणी घालताच चुन्याचे कॅल्शियम हायड्रॉक्साइड बनते आणि नवे बंध जुळताना, मूळ १ किलो चुन्यामागे, सुमारे १,१६० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. उरलेली सुमारे २,०२० किलोज्यूल भिंतीवर परत मिळते. तेथे चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो. जाड गिलाव्यात हे काम अनेक महिने, कधी वर्षानुवर्षे चालते. त्यामुळे ती ऊब कोणालाच जाणवत नाही. दोन्ही हप्त्यांची बेरीज मूळ रकमेइतकी येते. मार्ग कोणताही असो, आरंभीचे व अखेरचे पदार्थ तेच असतील तर ऊर्जेतील एकूण फरक तोच राहतो, हा नियम हेस या शास्त्रज्ञाने १८४० मध्ये मांडला. वर्गात तो शिकविण्यासाठी चुन्याहून सोपे उदाहरण क्वचितच सापडेल.

पहिला हप्ता मात्र फार झपाट्याने येतो. १ किलो चुन्याच्या उष्णतेने साधारण साडेतीन लिटर पाणी उकळीपर्यंत तापू शकते, आणि अभिक्रियेला प्रत्यक्षात लागते जेमतेम ३२० मिलिलिटर. पाणी थोडे पडले तर उष्णता शोषून घेण्यास काही उरत नाही. वाफ उसळते व दाहक चुना अंगावर उडतो. यास्तव भरपूर पाणी आधी पिंपात घेऊन त्यात चुना थोडा थोडा सोडावा, पाणी चुन्यावर ओतू नये. प्लॅस्टिकची बादली वापरू नये. काम करणाऱ्याने डोळ्यांना चष्मा लावावा आणि मुलांना दूर ठेवावे. शाळेच्या आवारात ही दक्षता अधिकच हवी. डोळ्यात चुना गेल्यास न चोळता, दिसणारे कण ताबडतोब काढून, निदान वीस मिनिटे वाहत्या स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे.

साठवणुकीतही हाच हिशेब लागू पडतो. गळक्या छपराखाली, गवताच्या पेंढ्यांशेजारी किंवा गोणपाटांवर ठेवलेला कळीचा चुना पावसात भिजला तर आग लागू शकते. उलट, चुना दीर्घकाळ दमट हवेत उघडा राहिल्यास तो हळूहळू विरून त्याची भुकटी होते. खरेदीच्या वेळी दोन-चार खडे पाण्यात टाकून पाहावेत. पाणी तापलेच नाही, तर तो माल कळीच्या चुन्याच्या भावाने घेऊ नये.