ऑस्ट्रेलियाची जड तांबडी वाईन : तिची पारख व बागाइतदारास धडा

कोल्हापूर भागांतील बागाइतदारास ब्रिक्स हा शब्द नवा नाहीं. ऊस तोडणीस आला कीं नाहीं हें ठरवितांना रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर ठेवून तो अंक पाहतात. वाईनच्या द्राक्षांची परीक्षाही त्याच यंत्रानें होते. परंतु साखर जितकी अधिक तितकें चांगलें, हा उसाचा नियम द्राक्षांस लावल्यास फसगत होते. ती कशी, हें ऑस्ट्रेलियाच्या शिराझ वाईनवरून उत्तम समजतें. मद्यपानाचा पुरस्कार करणें हा आमचा हेतु नाहीं; ज्या मालासाठीं द्राक्षें पिकवावयाचीं त्याची पारख पिकविणारास असावी, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

जेम्स बस्बी यानें १८३२ सालीं युरोपांतून ऑस्ट्रेलियास द्राक्षवेलींचा जो संग्रह नेला, त्यांत शिराझ होती. तेथील बरोसा खोऱ्यांतील या वाईनींत मद्यार्क बहुधा १४॥ ते १५ टक्के असतो. आंबतांना रसांतील साखरेचाच मद्यार्क होतो. २२ ब्रिक्सच्या रसापासून सुमारें १२॥ टक्के, तर २६ ब्रिक्सपासून सुमारें १५ टक्के, असा हा हिशेब आहे.

अशी वाईन १६ ते १८ अंश सेंटिग्रेडवर पारखावी. आपल्या उन्हाळ्यांत खोलींत ठेवलेल्या वाईनींतून मद्यार्काची वाफच प्रथम नाकांत शिरते. पेला एकतृतीयांश भरून पांढऱ्या कागदावर रंग पाहावा. मग वास घ्यावा : जांभळाचा व मिरीचा वास आल्यास फळ ताजें होतें, शिजविलेल्या मनुकांचा आल्यास तें वेलीवर अति पिकलें होतें. नंतर घोट जिभेवर घोळवून पिकदाणींत टाकावा. आंबटपणानें तोंडास पाणी सुटतें, तुरटपणानें हिरड्या आंवळल्यासारख्या होतात, व मद्यार्काची ऊब घशाशीं जाणवते. अनेक नमुने असल्यास हलके आधीं व जड शेवटीं घ्यावे. जड वाईननें जीभ बोथट होते.

उत्तम जड वाईनींत ही ऊब वेगळी टोंचत नाहीं, कारण आंबटपणा व तुरटपणा तिचा भार उचलतात. घसा जळला व जीभ मात्र सपक राहिली, तर साखर वाढण्याची वाट पाहतां पाहतां आम्ल निघून गेलें असें समजावें. बरोसांत फेब्रुवारी ते एप्रिल तोडणी चालते, तेव्हां तेथें शरद् ऋतु जवळ येत असतो. आपली तोडणीही फेब्रुवारी-मार्चच्या सुमारासच येते, पण आपल्याकडे ऊन वाढत असतें, व उष्णतेनें आम्ल लवकर घटतें. यास्तव ब्रिक्सबरोबर रसाचा सामू मोजावा, व बीं चावून पाहावें. बीं तपकिरी व कुरकुरीत झालें असून सामू ३.६ च्या पुढें जाऊं लागला, तर आणखी दोन अंश ब्रिक्सचा लोभ धरूं नये. सुकत चाललेल्या मण्यांचें वजनही घटतें, हा तोटा वेगळाच.

वाईनच्या जातींचें फळ लहान व बियांचें असल्यानें खाण्याच्या बाजारांत त्यास भाव नाहीं. राज्य सरकारनें २००१ सालीं द्राक्षप्रक्रिया धोरण जाहीर केलें, व सांगली जिल्ह्यांत पलूस येथें वाईन पार्क झालें. परंतु २००८ नंतर मागणी घटतांच पुष्कळांस बागा उपटाव्या लागल्या. म्हणून लावणीपूर्वीं खरेदीचा करार लेखी करावा, आणि दर केवळ ब्रिक्सवर न ठरवितां आम्लाचीही अट त्यांत घालावी. ही अट कां घालावयाची, हें ज्यानें स्वतः चव पाहिली आहे त्यासच समोरच्यास पटवितां येईल.