पोटाचं बोलायला लाजू नका

पालकहो, आतड्याचा कॅन्सर म्हटलं की आपल्याला साठी-सत्तरीतलं माणूस आठवतं. पण 'ब्लॅक पँथर'चा नायक चॅडविक बोसमन २०२० मध्ये याच आजाराने गेला, तेव्हा तो ४३ वर्षांचा होता. पन्नाशीच्या आतले असे रुग्ण अनेक देशांत वाढताहेत. म्हणूनच अमेरिकेत तपासणी सुरू करण्याचं वय २०२१ मध्ये ५० वरून ४५ वर आणलं.

कशामुळे वाढताहेत? २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये ११ देशांतल्या ९८१ गाठींचा जनुकीय अभ्यास आला. ई-कोलाय या जंतूच्या काही जाती कोलिबॅक्टिन नावाचं विष सोडतात आणि पेशींच्या डीएनएवर त्याचे ओरखडे राहतात. सत्तरीपुढच्या रुग्णांपेक्षा चाळिशीच्या आतल्यांमध्ये हे ओरखडे ३.३ पट अधिक सापडले. ते बहुधा वयाच्या पहिल्या दहा वर्षांतच उमटतात, असा संशोधकांचा कयास आहे. म्हणजे पोर अजून आपल्या हातून वरणभात खातंय, त्या वयात! वाचून पोटात गोळा येतो खरा. पण हे जंतू कितीतरी धडधाकट माणसांच्या पोटातही असतात, आणि कॅन्सर त्यांच्यामुळेच होतो हे अजून सिद्ध झालेलं नाही.

गोड शीतपेयं, पाकीटबंद खाणं, लठ्ठपणा, वारंवार घेतलेली अँटिबायोटिक्स यांच्यावरही संशय आहे. मायक्रोप्लास्टिकबद्दल फॉरवर्ड भरपूर, पुरावा तुटपुंजा. तेव्हा 'माझंच काही चुकलं का' म्हणून झुरू नका. एवढं मात्र कराच: सर्दी झाली की फ्रिजच्या दारातली मागच्या खेपेची अँटिबायोटिकची अर्धी बाटली काढू नका, आणि मेडिकलवाल्याकडे 'तेच सिरप द्या' म्हणू नका.

मला खरी काळजी वाटते ती संकोचाची. हॉस्टेलवरच्या मुलाला शौचातून रक्त जातं, तो सांगत नाही. सांगितलंच तर आपण 'मूळव्याध असेल, तिखट कमी खा' म्हणून मोकळे होतो. बऱ्याचदा ती मूळव्याधच निघते. पण ते डॉक्टरांना तपासून ठरवू द्या. विशेषतः वजन उतरत असेल, शौचाची सवय बदलली असेल किंवा उगाच हिमोग्लोबिन घसरलं असेल तर.

आणि घरातला इतिहास लपवू नका. आजोबांना 'पोटाचं काहीतरी' झालं होतं, ते नेमकं काय होतं? आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, साधारणपणे चाळिसाव्या वर्षी, किंवा त्यांचं निदान झालं त्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा करायला सांगतात.